पाहुण्याच्या ताटात उरलंच पाहिजे

माझे वडील चिकट आहेत, असं आमच्या बहुतेक नातेवाइकांचं मत आहे. काही जण ते तोंडावर बोलतात, काही जण मी पाणी आणायला आत वळले की बोलतात. चिकट हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. आण्णा डब्यातला शेवटचा लाडू दारात आलेल्या माणसाच्या हातावर ठेवतील आणि स्वतः कोरडा चहा पितील. मात्र त्या माणसानं लाडू अर्धा खाऊन बशीत ठेवला, तर त्यांचा चेहरा बघवत नाही. एवढाच काय तो त्यांचा दोष, आणि एवढ्या दोषासाठी त्यांना जे भोगावं लागलं ते मी लिहून ठेवणार आहे.

आण्णा पलटणीत स्वयंपाकी होते. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो आणि प्रत्येकाच्या घरी भिंतीवर बंदुकीसह फोटो असतो. आण्णांचा तसा फोटो नाही. त्यांची सगळी नोकरी लंगरात गेली, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात. शंभर-सव्वाशे जवानांची चपाती, डाळ, भाजी. गावाकडं सुट्टीवर आले की चावडीवर बाकीचे फौजी सरहद्दीच्या गोष्टी सांगायचे आणि आण्णा गप्प बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आमी काय, आमी पीठ मळलं." लोक हसायचे. मी लहान होते, तरी मला ते हसणं आवडायचं नाही.

आई होती तोवर घरच्या चुलीशी त्यांचा संबंध आला नाही. पुरुष माणूस बायकांत कशाला, म्हणून त्यांना कुणी तिथं बसूही दिलं नाही. आई गेली आणि ते रीतीप्रमाणे माझ्या धाकट्या भावाकडं, सांगलीला राहायला गेले. भावाचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, बंगला आहे, काही कमी नाही. तिथं ते चार महिने टिकले. भावजयीची तक्रार अशी की, सासरे रोज संध्याकाळी तिच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून बघतात. बघायचे, हे खरं आहे. लंगरात जेवण उरकलं की खरकट्याच्या ड्रमपाशी उभं राहून काय गेलं, किती गेलं, का गेलं ते बघायचं, हे त्यांचं कामच होतं. आज वांगं गेलं म्हणजे उद्या वांगं कमी चिरायचं. ते रागावत नसत. नुसतं बघून घेत. पण सुनेला वाटलं, हा माणूस माझी झडती घेतोय.

शेवट होळीला झाला. पुरण शिजवून निथळलं की जे डाळीचं पाणी खाली उरतं, त्याला आमच्याकडं येळवणी म्हणतात. त्या येळवणीची झणझणीत आमटी होते आणि ती पुरणपोळीबरोबर खायची असते. ती आमटी मुळात त्या पाण्यासाठीच जन्माला आली आहे. भावजयीनं ती येळवणी बेसिनमध्ये ओतून दिली आणि आमटीसाठी कुकरला वेगळी तूरडाळ लावली. कारण काय, तर येळवणीची आमटी पातळ होते आणि पाहुण्यांना बरी दिसत नाही. आण्णा दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक भरली आणि साताऱ्याची एसटी धरली. माझ्या दारात येऊन म्हणाले, "आठ दिस ऱ्हातो." त्याला आता पाच वर्षं झाली.

लेकीच्या घरी बाप राहतो म्हणजे आमच्याकडं मुलाच्या तोंडाला काळं. माझ्या भावाला चार माणसांत खाली बघावं लागलं. तो राग तो कधी विसरला नाही, हे मला नंतर कळलं.

मी कचेरीत कारकून आहे. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात. मुलगा पुण्याला शिकून तिथंच लागला. घरात आम्ही दोघं, त्यात आण्णा आले. पहिल्या आठवड्यात ते मी कामावर गेल्यावर नुसते गॅलरीत बसून राहायचे. एक दिवस मी घरी आले तर ओट्यावर चपात्या झाकून ठेवलेल्या. मोजून नऊ. नवऱ्याला चार, आण्णांना तीन, मला दोन. एकही जास्त नाही. मी म्हटलं, "आण्णा, कुणी आलं तर?"

"आलं तर मळू की. पीठ कुटं पळून चाललंय?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांचं झालं. सकाळी चहाबरोबर ते विचारतात, "गिनती बोला." कोण घरी जेवणार, कोण बाहेर, कुणाला भूक कमी आहे, हे सगळं त्यांना सातच्या आत कळलं पाहिजे. माझा नवरा सुरुवातीला हसायचा. एकदा गिनतीत चार चपात्या सांगून तो वाटेत मिसळ खाऊन आला आणि ताटावर बसून "नको आता" म्हणाला. आण्णांनी त्या चार चपात्या गुंडाळून ठेवल्या आणि सकाळी कांदा, मिरची, शेंगदाणे घालून त्यांचा चिवडा केला. तो नवऱ्याच्याच डब्यात भरला. कारखान्यात त्या चिवड्यावर उड्या पडल्या. तेव्हापासून नवरा गिनती खरी सांगतो.

आण्णा काय काय करतात हे सांगितलं की लोक नाक मुरडतात, म्हणून मी मुद्दाम सांगते. दोडक्याच्या शिरा तीळ-लसूण घालून परततात आणि त्याची कुरकुरीत चटणी करतात. मेथी निवडली की कोवळ्या काड्या बारीक चिरून डाळीत. फ्लॉवरचा दांडा सोलून झुणक्यात. तूप कढवलं की खाली राहिलेली बेरी ते कणकेत मळतात, आणि त्या दिवशीच्या चपातीला जी चव येते ती मला लग्नाच्या कुठल्याच पंगतीत मिळालेली नाही. शिळी भाकरी तव्यावर कडक भाजून हातानं चुरायची, वर ताक आणि लसणाची फोडणी. कलिंगड खाल्लं की पांढरा भाग फेकायचा नाही, त्याची भाजी होते. शनिवारी संध्याकाळी फ्रिज उघडून ते वाट्यांची हजेरी घेतात, आणि त्या सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्याशिवाय रविवारी कुणी मंडईत जायचं नाही.

मी लगेच सुधारले असं नाही. मला सुरुवातीला ते सगळं जाचायचं. दिवसभर फाइलींत डोकं घालून घरी यायचं आणि वाटीभर उसळ संपवायची परीक्षा द्यायची, असं वाटायचं. एकदा मटकीची उसळ आंबली म्हणून मी ती त्यांच्या नकळत कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी दडपली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं बापापासून उसळ लपवली. त्यांना ती सापडलीच. ते चिडले असते तर मी भांडले असते, पण ते फक्त एवढं म्हणाले, "माजं चुकलं. तुमी दोगं मटकी कमी खाता, मला ध्यानात यायला पायजे हुतं." पुढच्या वेळी उसळ मुठीनं कमी झाली.

मग एका दुपारी भाकरीचं पीठ चाळता चाळता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. वर बर्फात एका ठाण्यावर त्यांची नेमणूक होती. तिथं पिठाची पोती खेचरांच्या पाठीवरून यायची. दोन दिवसांची चढण. पोती उतरवली की खेचरांच्या पाठीवर जखमा दिसायच्या, आणि आण्णा त्यांना हळद-तेल लावायचे. एका संध्याकाळी एक जवान दोन चपात्या ताटात टाकून उठला, तेव्हा आण्णांनी त्याला हाताला धरून बाहेर खेचराजवळ नेलं. म्हणाले, "हिला सांग तू जेवला न्हाईस का ते." तो पोरगा मुकाट्यानं आत आला आणि जेवला. आण्णांनी ही गोष्ट मला पीठ चाळताना अगदी सहज सांगितली, पण त्यानंतर माझ्या हातून डब्यात काही पडायला लागलं की मला खेचराची पाठ दिसते.

शेजारची बाई एकदा मला जिन्यात म्हणाली, "तुमच्याकडे रोज ताजं नसतं का हो? वडिलांच्या वयाला शिळं बरं नाही." तिच्या घरून रोज सकाळी घंटागाडीत भाताचं पातेलं रिकामं होतं, ते मी गॅलरीतून बघते. मी तिला म्हटलं, "आमच्याकडं शिळं उरतच नाही, आम्ही ते आदल्या दिवशी संपवतो." ती दोन महिने बोलली नाही. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

हे सगळं आमच्या घराच्या चार भिंतींत होतं तोवर ठीक होतं. मग माझ्या भाचीचं, भावाच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगा चांगला होता. घरचे लोक विट्याकडचे, दक्षिणेत एका मोठ्या शहरात सोनं गाळायचं दुकान. घरात पैसा होता आणि तो दिसलाही पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. साखरपुडा सांगलीत भावानं करायचा होता. भावानं चोवीस पदार्थ ठेवले. मी त्याला फोनवर म्हटलं, एवढं कोण खाणार आहे? तो म्हणाला, "आक्का, खाण्यासाठी नसतंय ते. पाव्हण्याच्या ताटात उरलंच पायजे. ताट चाटूनपुसून साफ झालं तर लोक म्हणतील, ह्यांनी हात आखडता घेतला."

हे माझ्या भावाचं एकट्याचं तत्त्वज्ञान नाही. आमच्या सबंध भागात ही रीत आहे. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, खाणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं तो हात बाजूला सारून वर दोन जिलब्या टाकायच्या. खाणाऱ्यानं त्या टाकून उठायचं. मग दोघांचाही मान राहतो. ज्या ताटात अन्न उरलं ते ताट श्रीमंत. शेतात राबणाऱ्या माणसांनी ही रीत पाडली आणि तीच माणसं ती पाळतात, याचा मला जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नाही.

साखरपुड्याला आण्णा नवा पांढरा सदरा घालून आले. अंगठ्या झाल्या, फोटो झाले, जेवणं सुरू झाली. हातात ताट घेऊन उभ्यानं जेवायची पद्धत होती. मी बायकांच्या ओट्या भरत होते. थोड्या वेळानं मान वर केली तर आण्णा हॉलच्या कोपऱ्यात, जिथं उष्ट्या ताटांसाठी निळा टब ठेवला होता, तिथं उभे. हात पाठीमागं बांधलेले, पाय जुळवलेले. मला तिथंच कळलं की काय होणार आहे, आणि मी ओटीचं ताट दुसऱ्या बाईच्या हातात कोंबून निघाले.

दोन मुली ताटं घेऊन आल्या, आण्णांनी काहीतरी सांगितलं, त्या हसल्या आणि उरलेला गुलाबजाम तोंडात टाकून ताटं ठेवून गेल्या. एक बाई आली, तिला त्यांनी खुर्ची दाखवली, तीही बसली. मग आले नवरदेवाचे चुलते. गळ्यात जाड साखळी, हातात ताट, ताटात तीन पुऱ्या, पनीर, अर्धा मसालेभात आणि दोन जिलब्या. एकीलाही हात लागलेला नव्हता.

आण्णा अगदी प्रेमानं म्हणाले, "पाव्हणं, एवढं खाऊन या. बसा तितं खुर्चीवर. घाई न्हाई."

चुलते आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूचे चार लोक बघताहेत. "आमाला उष्टं खायला लावताय व्हय?"

"उष्टं कुणाचं? तुमचंच हाय की," आण्णा म्हणाले.

मला अजूनही वाटतं, याच्या इतकं साधं आणि खरं वाक्य त्या हॉलमध्ये त्या दिवशी कुणी बोललं नाही. पण चुलत्यांनी ताट टबात टाकलं नाही, आण्णांच्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि सरळ गाडीकडं चालायला लागले. भाऊ त्यांच्यामागं धावला. भावजय रडायला लागली. आण्णा खाली वाकले, ताट उचललं आणि त्यातलं काय वाचवता येईल ते बघायला लागले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

लग्न मोडतंय की काय, अशी आठवडाभर धाकधूक होती. भाऊ विट्याला जाऊन नारळ, फेटा, कापड देऊन आला. तिकडच्यांनी मोठ्या मनानं माफ केलं, असं त्यानं मला सांगितलं. कशाबद्दल माफ केलं, असं मी विचारलं. तर त्यानं मुद्द्याला हात घातला. "आक्का, लग्नादिवशी आण्णांस्नी तू साताऱ्यातच ठिव. बीपी वाढलंय म्हणून सांगू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले. नातीच्या लग्नाला आजा नको, कारण त्यानं एका माणसाला स्वतःचं ताट संपवायला सांगितलं. ज्या बापाच्या नोकरीवर तू शिकलास, दुकान टाकलंस, त्याला आजारी म्हणून कोंडून ठेवायचं. भाऊ ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पोरीचा संसार हाय, आक्का. ती उद्या त्या घरात जाणार हाय. त्या टबापाशी परत काय झालं तर तिला जन्मभर ऐकावं लागंल."

आण्णा लग्नाला येतील पण टबाच्या जवळपास फिरकणार नाहीत, एवढ्यावर आमचं मिटलं. जबाबदारी माझी. मी आण्णांकडून शब्द घेतला. ते तेव्हा लसूण सोलत होते. मी जे काय फिरवून फिरवून सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "ठीक हाय. पोरीचं लगीन हाय. मी खुर्चीवरनं हलत न्हाई." वाद नाही, प्रश्न नाही. वरून हुकूम आल्यावर घेतात तसा घेतला. मला वाटलं होतं, ते भांडतील, आणि मग मलाही भांडता येईल.

लग्न सांगलीच्या बाहेर एका मोठ्या कार्यालयात होतं. आण्णांना भगवा फेटा बांधला आणि पहिल्या रांगेत बसवलं. ते खरंच हलले नाहीत. अक्षता टाकायला उभे राहिले तेवढेच. बाकी हजार लोक उभ्यानं जेवत होते, पण मानाच्या माणसांसाठी टेबल-खुर्च्यांची पंगत होती आणि तिथं वाढपी वाढत होते. आण्णांना मधोमध बसवलं. मी दहा-पंधरा पावलांवर सोयऱ्यांच्या बायकांना साड्या देत होते.

आण्णांनी वाढप्याला हातानं थांबवत थांबवत थोडं थोडं घेतलं. दोन पुऱ्या, चमचाभर भाजी. गोड नको म्हणाले. त्यांना साखर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. ते जेवून संपवत आले होते तेवढ्यात नवरदेवाचे चुलते जिलब्यांचं तबक घेऊन आले. मागं दहा-बारा माणसं, त्यात एकाच्या हातात मोबाइल धरलेला. "आण्णा, साखरपुड्याला तुमी आमाला खायला घातलंत. आज आमच्या हातनं तुमी खावा."

सगळे हसले. आण्णाही हसले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. चुलत्यांनी त्यांचं मनगट धरून हलकेच बाजूला केलं, अगदी रीतीप्रमाणे, आणि दोन जिलब्या टाकल्या. मग आणखी दोन. मग मसालेभाताचा डाव. मग कुणीतरी म्हणालं श्रीखंड राहिलं. मग आणखी तीन जिलब्या.

त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं की समोरचा म्हातारा ताटात काही टाकणार नाही. त्यालाच काय, आता सगळ्या गोताला ते ठाऊक झालं होतं.

आण्णांनी खायला सुरुवात केली. कुणाकडं न बघता, सावकाश. एक जिलबी संपली की लोक मोजायचे. मी भावाकडं बघितलं. तो चुलत्यांच्या खांद्याशी उभा होता आणि हसत होता, आणि त्या हसण्यात सुटल्याचा आनंद होता. सोयऱ्याचा राग एकेका जिलबीनं उतरत होता, हे मला लांबूनही दिसत होतं.

आता जे लिहायचं ते जिवावर आलंय. मी गेले नाही. माझ्या हातात साड्यांची चळत होती, ती खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? दहा पावलं चालून ते ताट उचलायचं होतं. मी मनात म्हणाले, होऊन जाऊ दे, एकदाचं मिटेल, पोरीचं लग्न आहे. मी फाडून खाल्ल्यावर भावानं जे कारण पुढं केलं होतं, तेच मी स्वतःला ऐकवलं आणि एका बाईला तिची साडी आवडली का ते विचारलं.

सात जिलब्या, भात, श्रीखंड. पुरीच्या शेवटच्या तुकड्यानं त्यांनी ताट पुसून घेतलं आणि हात जोडले. "झालं, पाव्हणं." चुलत्यांनी त्यांना मिठी मारली. टाळ्या पडल्या. आता कसं जुळलं, असं कुणीतरी म्हणालं.

परत येताना नवरा गाडी चालवत होता. आण्णा मागं डोळे मिटून बसले होते. कराड गेलं, आणि उंब्रजच्या अलीकडं ते एकदम म्हणाले, "गाडी थांबवा." हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत ते वाकले आणि सगळं उलटून पडलं. मी त्यांची पाठ धरली होती. फेटा सुटून माझ्या हातावर आला होता. पोट रिकामं झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "समदं वाया गेलं बग."

मला वाटलं, ते चुलत्यांना शिव्या देतील, भावाला देतील, मला देतील. त्यांना वाईट वाटत होतं ते त्या अन्नाचं.

साताऱ्यात दोन दिवस दवाखान्यात काढले. साखर खाली यायला वेळ लागला. भावाचा फोन आला, चौकशी केली, आणि शेवटी म्हणाला, "काय म्हणा आक्का, पण त्या दिवशी आण्णांनी आमची लाज राखली." घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर त्या मिठीचा फोटो फिरत होता, खाली फुलं आणि जोडलेले हात. मी तो फोटो माझ्या फोनमधून काढून टाकला. भावाला फोनवर सांगितलं की तुझ्या घरच्या कार्याला मी परत येणार नाही. तो म्हणाला, आक्का, तू उगीच डोक्यात राख घालून घेतेस. असेल. पण ही राख माझी एकटीची नाही, निम्मी त्याची आहे, आणि बाकीची टाळ्या वाजवणाऱ्यांची.

आण्णा घरी आले. चार दिवसांनी पुन्हा ओट्याशी उभे राहिले. सकाळी गिनती विचारतात, नेमाच्या चपात्या लाटतात, शनिवारी वाट्या बघतात. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणार नाही. मी त्या दिवसाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं की त्यांना भाजी करपायची आठवण येते.

फक्त जेवायला बसल्यावर कळतं. मी वाढायला भाजीचं पातेलं घेऊन त्यांच्याकडं वळते, तर आण्णा दोन्ही हात ताटावर आडवे धरतात. ताट अजून रिकामं असतं, त्यात मिठाचा कणही पडलेला नसतो. मी म्हणते, "आण्णा, मी आहे. वाढू का थोडी?" ते मान वर करून बघतात, "व्हय, दिसतंय की," म्हणतात. हात काढत नाहीत.